अंडे जिवंत आहे म्हणजे ते फळेल असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्री अर्चिन (काटेरी चेंडूसारखा प्राणी), तारामासा, कालवे अशा अपृष्ठवंशी प्राण्यांच्या अंड्यांवर रसायनांचे काय परिणाम होतात, याविषयी विज्ञान पानांवर अधूनमधून मजकूर येतो. कधी अमुक द्रव्याने अंड्यांचे आयुष्य वाढल्याची बातमी असते, तर कधी अमुक प्रदूषकाने अंडी निकामी झाल्याची. दोन्हींत बहुधा एक गोष्ट सांगायची राहून जाते. ‘आयुष्य’ म्हणजे नेमके काय मोजले? अंडे फुटले नाही, एवढेच? शुक्राणू मिळाल्यावर ते फलित झाले? की फलित होऊन त्यापासून धड डिंभ (पोहणारी पिल्लावस्था) तयार झाला? एकाच अंड्याची ही तीन वेगवेगळी आयुष्ये आहेत आणि ती वेगवेगळ्या वेळी संपतात. सूक्ष्मदर्शकाखाली गोल, स्वच्छ, ताजे दिसणारे अंडे शुक्राणूला दाद देत नाही, असे सर्रास घडते. याच्या उलटही होते. उशिरा फलित झालेले अंडे आवरण उचलते (ही फलनाची पहिली दिसणारी खूण), पहिले विभाजन वेडेवाकडे करते आणि पुढे कोलमडते. रसायनाचा गुणदोष ठरवायचा तर आधी या तिन्हींपैकी कोणते आयुष्य मोजले ते सांगायला हवे. हे फलनक्षम आयुष्य कशाने घटते, कशाने वाढते आणि ते मोजताना कुठे फसगत होते, हे थोड्या तपशिलात मांडण्यासाठी हे पत्र.

सगळ्या समुद्री प्राण्यांची अंडी एकाच अवस्थेत बाहेर पडत नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. समुद्री अर्चिनचे अंडे अंडाशयातच अर्धसूत्री विभाजन पूर्ण करते आणि मग शांत थांबते. त्याचे श्वसन मंद असते, प्रथिननिर्मितीही मंद असते. ताऱ्यामाशाचे अंडे त्या विभाजनाच्या पहिल्याच टप्प्यावर, मोठे केंद्रक तसेच ठेवून थांबलेले असते. १-मिथाइलअॅडेनिन हे संप्रेरक मिळाले की ते पुढे सरकते. (हे संप्रेरक १९६९ मध्ये जपानमध्ये कानातानी आणि सहकाऱ्यांनी ओळखले.) काही शिंपल्यांची अंडी मोठे केंद्रक तसेच असतानाच शुक्राणू स्वीकारतात, तर काहींची पहिल्या विभाजनाच्या मध्यावर. त्यामुळे अर्चिनवर लागू पडलेले रसायन ताऱ्यामाशालाही लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. एकाचे अंडे वाट पाहत असते, दुसऱ्याचे घड्याळ आधीच सुरू झालेले असते.

या विषयाचा पहिला मोठा वाद १९०२ सालचा आहे आणि तो आजही शिकवण्यासारखा आहे. जीवशास्त्रज्ञ जाक लोब यांनी १८९९ मध्ये समुद्राच्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण बदलून शुक्राणूविना अर्चिनच्या अंड्यांचा विकास घडवला होता. त्यानंतर १९०२ मध्ये लोब आणि लुईस यांनी दाखवले, की पोटॅशियम सायनाइडच्या अत्यंत सौम्य द्रावणात ठेवलेली अफलित अंडी साध्या समुद्रपाण्यातील अंड्यांपेक्षा बराच अधिक काळ फलनक्षम राहतात. सायनाइडसारखे विष आयुष्य वाढवते, हे ऐकायला विलक्षण होते. अंड्याच्या आत चालणारी ऑक्सिडीकरणाची क्रिया त्याला मृत्यूकडे नेते आणि सायनाइड ती क्रिया रोखते, असा लोब यांचा अर्थ होता. सायनाइड पेशीच्या श्वसनसाखळीतील शेवटचे विकर बंद पाडते, हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणजे त्या अर्थात तथ्य असण्याची शक्यता होतीच.

पण त्याच वर्षी गोरहॅम आणि टॉवर यांनी साधा, बोचरा प्रश्न विचारला. सायनाइड अंड्याला वाचवते की पाण्यातील जिवाणूंना रोखते? अंडी ज्या पाण्यात ठेवली होती ते निर्जंतुक नव्हते. मेलेली अंडी, त्यांच्याभोवतीचा जेलीचा थर, प्राण्याच्या शरीरातील द्रव हे सगळे जिवाणूंचे खाद्य. एकदा ते वाढले की ऑक्सिजन खातात, अमोनिया सोडतात, जेली विरघळवतात आणि अंड्याच्या पृष्ठभागावर चढतात. पुढे टायलर, रिची आणि होरोविट्झ यांनी १९३८ मध्ये आर्बेशिया या अर्चिनची अंडी निर्जंतुक आणि सामान्य अशा दोन्ही परिस्थितींत ठेवून त्यांचे श्वसन आणि फलनक्षम आयुष्य एकत्र मोजले. निर्जंतुक अंडी जास्त टिकली. म्हणून आजही कोणी ‘या रसायनाने अंडी जास्त टिकली’ म्हटले, की माझा पहिला प्रश्न असतो: जिवाणू मोजले का? हा एक प्रश्न न विचारल्यामुळे अनेक साध्या जंतुनाशकांना आयुष्यवर्धक ठरवले जाऊ शकते.

सायनाइडच्या प्रयोगात आणखी एक खोट दडलेली आहे. हायड्रोजन सायनाइडचे आयनीकरण ९.२ सामूच्या (पीएच; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) आसपास अर्धे होते. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ च्या आसपास असतो. म्हणजे त्यात टाकलेले दहापैकी नऊहून अधिक सायनाइड रेणूच्या रूपात असते आणि तो रेणू उडून जाणारा आहे. उघड्या ताटलीत सकाळी जे प्रमाण होते ते संध्याकाळी नसते. बाटली बंद केली तर ऑक्सिजनही कोंडला जातो आणि मग परिणाम कशाचा, हे सांगता येत नाही. हा प्रयोग शाळा-महाविद्यालयात मुळीच करू नये. आम्लाशी गाठ पडली तर त्याच बाटलीतून जीवघेणा वायू निघतो. तापमान, आम्लता, धातू आणि जिवाणू या चार गोष्टी हाताळूनही हाच विषय उत्तम शिकवता येतो.

ताऱ्यामाशाची गोष्ट वेगळी आहे. १९०२ मध्येच लोब यांनी पाहिले, की परिपक्व झालेली पण फलित न झालेली ताऱ्यामाशाची अंडी काही तासांतच काळवंडून मरतात. परिपक्व न झालेली अंडी मात्र टिकतात. ऑक्सिजन काढून घेतला किंवा पाणी किंचित आम्लयुक्त केले तर परिपक्वताच थांबते आणि मृत्यूही लांबतो. हे निरीक्षण शंभर वर्षे तसेच राहिले. २००१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवले, की हा मृत्यू नियोजित पेशीमृत्यू आहे. संप्रेरक दिल्यानंतर साधारण दहा-बारा तासांनी अफलित अंड्याच्या पृष्ठभागावर फुगे येतात आणि ते तुकड्यातुकड्यांत विभागले जाते. मॅप कायनेज नावाचे विकर अंड्यात सतत कार्यरत राहते आणि ते मृत्यूकडे नेते. फलन झाले की ते विकर थंडावते आणि अंडे वाचते. म्हणून त्या साखळीला रोखणारे रसायन किंवा प्रथिननिर्मिती थांबवणारे एमेटिन दिले, तर अंड्याचे तुकडे होणे टळते. आता इथेच सावध राहायला हवे. एमेटिन दिलेले अंडे अखंड राहते, पण प्रथिने न बनवता पुढचा विकास कसा होणार? मरण टळले, पण फलनक्षमतेबद्दल त्यातून काहीच सिद्ध झाले नाही. तीन आयुष्यांचा फरक इथे स्पष्ट दिसतो.

ताऱ्यामाशावर काम करणाऱ्यांना वेळेचे भान अधिकच ठेवावे लागते. संप्रेरकाचे प्रमाण १ मायक्रोमोलर, तापमान २० अंशांच्या आसपास असेल, तर मोठे केंद्रक साधारण अर्ध्या तासात विरघळते आणि पहिले ध्रुवपिंड (विभाजनात बाहेर टाकली जाणारी छोटी पेशी) तासाभरानंतर बाहेर पडते. या दोन घटनांमधला काळ फलनासाठी सर्वांत चांगला. त्याआधी किंवा फार नंतर शुक्राणू दिले तर एका अंड्यात अनेक शुक्राणू शिरतात. तेव्हा ‘रसायनामुळे विकास बिघडला’ असे म्हणण्याआधी शुक्राणू घड्याळात किती वाजता दिले, ते पाहावे.

आम्लतेकडे वळू, कारण तिच्याबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. अर्चिनच्या अफलित अंड्याच्या आतला सामू ६.९ च्या आसपास असतो. फलन झाले की तो काही मिनिटांत सुमारे ७.३ पर्यंत चढतो आणि त्याबरोबर प्रथिननिर्मिती वेग घेते. आतली किंचित आम्लता म्हणजे अंड्याच्या विश्रांतीचे कुलूप आहे. बाहेरचे पाणी थोडे आम्लयुक्त केले तर हे कुलूप घट्ट राहते. टायलर आणि डेसल यांनी १९३९ मध्ये युरेकिस या समुद्री कृमीची अफलित अंडी आम्लयुक्त समुद्रपाण्यात अधिक टिकतात, हे मांडले.

अमोनिया नेमके उलट काम करतो. तो दुर्बल अल्कली आहे. त्याचा रेणू पडद्यातून आत शिरतो आणि आतला सामू वर ढकलतो. अमोनियाने अर्चिनचे अंडे शुक्राणूशिवायच अर्धवट जागे होते, हे १९७०च्या दशकात स्पष्ट झाले. अर्धवट जागे झालेले अंडे वाट पाहण्याची क्षमता गमावते. आणि हा अमोनिया बाहेरून टाकावाच लागतो असे नाही. दाटीवाटीने ठेवलेली अंडी आणि जिवाणू तो स्वतःच तयार करतात. ८.१ सामूला अमोनियाचा चार-पाच टक्के भाग पडदा ओलांडणाऱ्या रेणूच्या रूपात असतो. सामू ७ वर आणला तर हा भाग दहा पटींहून अधिक घटतो. म्हणजे आम्लयुक्त पाण्याने अंडी टिकली, तर त्यात आम्लाचा स्वतःचा वाटा किती आणि अमोनियाचा दात काढल्याचा वाटा किती, हे वेगळे करावे लागते. त्यासाठी अंडी अगदी विरळ ठेवून तोच प्रयोग पुन्हा करावा. विरळ ठेवल्यावरही फायदा दिसला तर तो आम्लाचा.

आम्लयुक्त पाणी तयार करताना होणारी चूक ठरलेली आहे. समुद्राच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब टाकून सामू ७ आणला जातो, नोंद केली जाते आणि ताटली झाकून ठेवली जाते. पण आम्लाने पाण्यातील बायकार्बोनेटचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर केलेले असते. तो वायू हळूहळू उडतो आणि सामू पुन्हा वर चढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटलीत कदाचित ७.७ असतो आणि वहीत ७ लिहिलेले असते. उपाय असा: आम्ल टाकून पाण्यात दोन-तीन तास हवा सोडावी, मग १० मिलिमोलर हेपेस बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रव्य) घालून सामू पुन्हा लावावा आणि प्रयोगाच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी असा तीनदा मोजावा. तुलनेच्या गटातही तेवढेच हेपेस हवे, सामू मात्र ८.१. ट्रिस बफर इथे वापरू नये. तो स्वतः अमाइन आहे आणि अमोनियासारखाच आत शिरून अंडे चाळवू शकतो. सामू ५ पर्यंत तर खाली नेऊच नये. ५ सामूच्या पाण्यात अंड्याची जेली एक-दोन मिनिटांत निघून जाते आणि जेलीतील साखरयुक्त रेणू हेच शुक्राणूला अंड्याची ओळख पटवतात. जेली गेलेल्या अंड्याला फलित करायला जास्त शुक्राणू लागतात. वरवर पाहता अंडे म्हातारे झाले असे वाटते.

धातूंचा मुद्दा शुक्राणूंच्या बाजूने अधिक प्रसिद्ध आहे. टायलर यांनी १९५३ मध्ये दाखवले, की धातू बांधून ठेवणाऱ्या रसायनांनी अर्चिनच्या शुक्राणूंचे आयुष्य वाढते आणि शुक्राणू व अंडी दोघांवर ही प्रक्रिया केली तर फलन सुधारते. पाण्यात तांबे आणि जस्त अगदी अल्प प्रमाणात असले तरी घात करतात. पितळी तोटी, तांब्याची नळी, जस्ताचा मुलामा दिलेली बादली यांतून आलेले पाणी अंड्यांसाठी वापरूच नये. एकदा धातू मिसळल्यावर गाळणीने तो निघत नाही.

इथे धातू बांधून ठेवणारे ईडीटीए हे रसायन उपयोगी पडते आणि त्याच्याविषयी एक शंका नेहमी येते. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम सुमारे १० मिलिमोलर आणि मॅग्नेशियम सुमारे ५३ मिलिमोलर असते. मग ०.१ मिलिमोलर ईडीटीए त्यांनाच चिकटून संपणार नाही का? ते त्यांना चिकटते खरे, पण तांबे आले की सोडून तांब्याला धरते. ईडीटीएच्या बंधाचा स्थिरांक लॉग मापनावर कॅल्शियमसाठी १०.७, जस्तासाठी १६.५ आणि तांब्यासाठी १८.८ आहे. म्हणजे तांब्याशी असलेली ओढ कोट्यवधी पट आहे. ०.१ मिलिमोलर ईडीटीएने कॅल्शियमचा फार तर एक टक्का भाग अडकतो, त्याने फलनाला बाधा येत नाही. ५ किंवा १० मिलिमोलर टाकले तर मात्र कॅल्शियमचा मोठा वाटा जातो आणि अंड्यात शिरण्यासाठी लागणारी शुक्राणूच्या टोकावरची प्रक्रियाच होत नाही. मग दोष अंड्यांवर ढकलला जातो. साठा-द्रावणासाठी ३.७२ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए डायहायड्रेट ८० मिलिलिटर पाण्यात घालून, सोडियम हायड्रॉक्साइडने सामू ८ करावा (त्याआधी ते नीट विरघळत नाही) आणि १०० मिलिलिटरपर्यंत भरावे. हे १०० मिलिमोलर झाले. एक लिटर समुद्रपाण्यात त्यातले १ मिलिलिटर पुरते. प्राण्याला अंडी सोडायला लावण्यासाठी लागणारे अर्धा मोलर पोटॅशियम क्लोराइडही १०० मिलिलिटरला ३.७३ ग्रॅमच असते. दोन्ही बाटल्या सारख्या दिसतात, म्हणून चिठ्ठ्या ठळक लावाव्यात.

अँटिऑक्सिडंटविषयी थोडेच लिहितो. अर्चिनच्या अंड्यात ओव्होथायॉल नावाचे स्वतःचे संरक्षक द्रव्य भरपूर असते. बाहेरून क जीवनसत्त्व टाकले आणि पाण्यात तांब्याचा अंश असला, तर त्या दोघांतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. आधी धातू बांधा, मग अँटिऑक्सिडंटची चर्चा करा.

आता हे मोजायचे कसे. प्रौढ अर्चिनच्या तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून आकारानुसार ०.५ ते २ मिलिलिटर अर्धा मोलर पोटॅशियम क्लोराइड टोचावे. मादी गाळलेल्या समुद्रपाण्याने काठोकाठ भरलेल्या चंचुपात्रावर उलटी ठेवावी. अंडी खाली साचतात. नराचे शुक्राणू मात्र पाण्यात पडू देऊ नयेत. ते कोरडेच गोळा करून बर्फावर ठेवावेत, कारण विरळ केलेला शुक्राणू लगेच पोहू लागतो आणि लवकर थकतो. अंडी सुमारे १५० मायक्रोमीटर छिद्रांच्या नायलॉन जाळीतून गाळावीत. ही जाळी ८० ते ११० मायक्रोमीटर व्यासाच्या अंड्यांसाठी ठीक. मग ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळलेल्या पाण्याने तीनदा धुवावीत. दर वेळी अंडी आपोआप तळाशी बसू द्यावीत, यंत्रात फिरवू नयेत. हे धुणे टाळले तर शरीरद्रव शिल्लक राहतो. तो फलन अडवतो आणि जिवाणूंना पोसतो.

दाटी किती असावी, हे हिशेबाने ठरवावे. ९ सेंटिमीटर व्यासाच्या ताटलीचा तळ सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर. ८० मायक्रोमीटरची अंडी एकमेकांना खेटून एकाच थरात पसरली तर जवळपास दहा लाख मावतील. त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक, म्हणजे तीन लाखांहून अधिक ठेवू नयेत. ५० मिलिलिटर पाणी घातले की खोली ८ मिलिमीटर होते आणि ऑक्सिजन तळापर्यंत सहज पोहोचतो. तीन लाख अंड्यांचा एकूण आकार केवळ ०.०८ मिलिलिटर असतो. डोळ्यांना ते नगण्य दिसते आणि म्हणूनच बहुतेकजण दहापट जास्त अंडी ओततात. एका मादीची अंडी दुसरीत मिसळू नयेत. एकीची अंडी खराब निघाली की ती फुटून बाकीचीही घेऊन जातात. निदान पाच माद्या वेगवेगळ्या घ्याव्यात.

गट कोणते? साधे गाळलेले पाणी. प्रतिजैविके घातलेले पाणी, म्हणजे पेनिसिलिन मिलिलिटरला १०० एकक आणि स्ट्रेप्टोमायसिन मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. तपासायचे रसायन. रसायन आणि प्रतिजैविके एकत्र. हा चौथा गट बहुतेकजण गाळतात, पण सगळा निवाडा त्याच्यावर आहे. प्रतिजैविके असतानाही रसायनाने आयुष्य वाढले, तरच ते रसायन अंड्यावर काम करते असे म्हणता येते. रसायन डीएमएसओ किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवले असेल तर तेवढ्याच द्रावकाचा पाचवा गट हवा आणि द्रावक ०.१ टक्क्याच्या वर जाऊ नये. शिवाय प्रत्येक गटात शुक्राणू न दिलेली एक ताटली ठेवावी. झाकण सैल असले की पाणी उडते, खारेपणा वाढतो आणि क्षार वाढले की अंडी शुक्राणूविना जागी होऊ शकतात. लोब यांनी १८९९ मध्ये मुद्दाम केले ते इथे नकळत होते. रोज खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरने पाहावा.

तापमान सर्वांत आधी बांधून घ्यावे, कारण त्याचा परिणाम बहुतेक रसायनांवर मात करतो. थंड पाण्यातील जातींची अंडी १२ ते १५ अंशांवर दिवस-दीड दिवस तरी चांगली राहतात. तीच उबदार खोलीत काही तासांत ढासळतात. उष्ण पाण्यातील जातीला ४ अंशांवर ठेवले तर थंडीच मारते. एक गट खिडकीपाशी आणि दुसरा आतल्या फळीवर, एवढ्याने दोन-तीन अंशांचा फरक पडतो आणि तो रसायनाच्या नावावर जमा होतो.

नमुने ०, ६, १२, २४, ३६ आणि ४८ तासांनी घ्यावेत. दर वेळी अंडी स्वच्छ पाण्यात दहा-दहा मिनिटांच्या तीन धुण्यांनी रसायनमुक्त करावीत. ती खरोखर मुक्त झाली का, हे पाहण्यासाठी ताज्या अंड्यांना दहा मिनिटे तेच रसायन देऊन तसेच धुवावे आणि फलित करावे. ती फलित झाली नाहीत तर धुणे अपुरे आहे. मग शुक्राणू द्यावेत, पण एकाच प्रमाणात नव्हे. कोरडे शुक्राणू दहा हजारपट, लाखपट आणि दहा लाखपट विरळ होतील अशा तीन ताटल्या कराव्यात. भरपूर शुक्राणू दिले की थकलेले अंडेही आवरण उचलते आणि आकडा फसवा चांगला येतो. कमी शुक्राणूंवरच वयाचा फरक उघड होतो. अंडे जुने झाले की दुसरा धोकाही असतो. एकाहून अधिक शुक्राणूंना अडवण्याची त्याची ताकद कमी होते, आणि दाट शुक्राणूंत आवरण शंभर टक्के दिसूनही पहिल्या विभाजनात दोनऐवजी तीन-चार पेशी होतात.

शुक्राणूही म्हातारे होतात, हे विसरून कसे चालेल? ४८ व्या तासाला बर्फावरचे तेच जुने शुक्राणू वापरले तर घट अंड्याची की शुक्राणूंची, कळत नाही. म्हणून दर वेळी दुसऱ्या मादीची ताजी अंडी त्याच शुक्राणूंनी फलित करून पाहावीत. तिथे फलन ९० टक्क्यांच्या वर असेल तरच त्या वेळेची बाकीची नोंद ग्राह्य धरावी.

शुक्राणू दिल्यावर पाच मिनिटांनी आवरण मोजावे, मग त्या जातीच्या वेळेप्रमाणे पहिले विभाजन आणि दुसऱ्या दिवशी पोहणारे भ्रूण. प्रत्येक ताटलीत २०० अंडी मोजावीत आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. फलन निम्म्यावर यायला किती तास लागले, हा आकडा नोंदवावा. ‘शेवटचे अंडे ७० व्या तासाला फलित झाले’ हा आकडा लक्षवेधी असतो, पण हजारांत एखादे अंडे केव्हाही टिकते. त्यावर काही उभे राहत नाही.

प्रदूषणाच्या बातम्यांसाठी यातून दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. अर्चिनची नेहमीची फलन-चाचणी शुक्राणूंना आधी प्रदूषित पाण्यात ठेवते आणि मग थोड्या वेळापुरती अंडी घालते. ती मुख्यतः शुक्राणूंची चाचणी आहे. तिच्यावरून ‘अंडी निकामी झाली’ असा मथळा देता येत नाही. अंड्यांवरचा परिणाम पाहायचा तर अंडी त्या पाण्यात ठेवून, धुऊन, स्वच्छ पाण्यातल्या शुक्राणूंनी फलित करावी लागतात. दुसरी गोष्ट महासागरांच्या आम्लीकरणाची. औद्योगिक काळापूर्वी सुमारे ८.२ असलेला पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू आता सुमारे ८.१ झाला आहे. सौम्य आम्लात अंडी काही तास जास्त टिकतात, हे वाचून आम्लीकरण या प्राण्यांना उपकारक ठरेल, असा निष्कर्ष कुणी काढू नये. प्रयोगशाळेत अंडी फलनाआधी पुन्हा ८.१ च्या पाण्यात आणलेली असतात. समुद्रात ती संधी नाही. तिथे शुक्राणूलाही त्याच आम्लात पोहावे लागते आणि डिंभाला त्याच पाण्यातून चुन्याचा सांगाडा बांधावा लागतो. आणि माणसाच्या अंड्याशी थेट तुलना तर करूच नये. ते दुसऱ्या अर्धसूत्री विभाजनाच्या मध्यावर थांबलेले असते, शरीराच्या आत असते आणि बाहेर पडल्यावर जेमतेम एका दिवसाचे असते.

आपल्या विज्ञान पानाकडे एक विनंती आहे. अशी बातमी छापताना प्राण्याची जात, पाण्याचे तापमान, रसायनाचे प्रमाण, जिवाणूंचे काय केले, शुक्राणू किती दिले आणि मोजले ते आवरण की विभाजन की डिंभ, एवढे त्याच बातमीत द्यावे. मूळ शोधनिबंधात यातले काही सापडत नसेल, तर तेही तिथेच लिहावे.

आपला,
सागरी जीवविज्ञानाचा एक अध्यापक